पेठांत भाड्याचे घर घेताना...

पुणे - मंडईतून भाजी, तुळशीबागेतून संसाराचे साहित्य, अप्पा बळवंत चौकातून पुस्तके आणि टिळक रस्त्यावरील महाविद्यालय, हे सारे पायी साधावे अशी वस्ती शहरात मध्यवर्ती पेठांखेरीज फारशी उरलेली नाही. सदाशिव, नारायण, शनिवार, शुक्रवार या पेठांतील भाड्याच्या घरांना मागणी असते ती मुख्यत्वे याच कारणाने. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी तर अभ्यासिका, मेस आणि खोली एकाच गल्लीत मिळावी म्हणून येथे येतात. वाहनाचा हप्ता, पेट्रोल आणि पार्किंग यांचा खर्च वाचत असेल, तर भाडे काहीसे जास्त गेले तरी परवडते, हा हिशेब चुकीचा नाही. मात्र तो मांडताना घर आणि कागद या दोन्हींची पारख होणे आवश्यक आहे. अनुभव असा, की घर चार वेळा पाहिले जाते आणि कागद सही करतानाच काय तो उघडला जातो.

घर पाहण्याविषयी आधी. पेठांतील बांधकामे एका वयाची नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठचे अनेक वाडे पडले आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पुढील दशकांत उरलेल्या वाड्यांचेही रूपांतर होत गेले. त्यामुळे तीन-चार मजले असूनही लिफ्ट नाही आणि वाहनतळ नावापुरता, अशा इमारती येथे पुष्कळ आहेत. पाणी कोणत्या वेळी येते, वरच्या मजल्यापर्यंत चढते का आणि टाकी सामाईक आहे का, हे मालकाऐवजी शेजाऱ्यांना विचारावे. (दुपारी एक ते चार ही वेळ त्यासाठी टाळलेली बरी.)

'सर्व काही पायी' हे आश्वासनही स्वतः चालूनच तपासावे. अनेक गल्ल्यांना पदपथ नाही आणि लक्ष्मी रस्त्यावर आहे तेथे संध्याकाळी विक्रेते व दुचाकी यांतून वाट काढावी लागते. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने या रस्त्यावर पादचारी दिन पाळला, तेव्हा मोकळ्या रस्त्याचे अप्रूप पुणेकरांनाच वाटले होते. सकाळी कार्यालयाच्या वेळी आणि रात्री नऊनंतर, असे दोनदा तरी घरापासून बसथांब्यापर्यंत चालून पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ व मंडई येथे मेट्रो उपलब्ध आहे. पिंपरी-चिंचवडला नोकरी असणाऱ्यांनी स्थानकापर्यंतचे अंतर अवश्य मोजावे. गणेशोत्सवात रस्ते बंद असतात आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. घरात रुग्ण किंवा तान्हे मूल असल्यास याचा विचार आधीच व्हावा.

अकरा महिन्यांचा गैरसमज

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणीची गरज नाही, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते महाराष्ट्रात खरे नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सक्ती नसल्याने हा समज रूढ झाला. परंतु राज्याच्या भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ५५ नुसार 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीपुढे सही केलेला मुद्रांक कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चही मोठा नाही. मुदतीचे एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. दरमहा २० हजार भाडे, ६० हजार अनामत आणि ११ महिन्यांची मुदत धरल्यास ही बेरीज २ लाख २५ हजार ५०० रुपये होते आणि शुल्क सुमारे ५६४ रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये. हे काम आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाद्वारे ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणे हे वेगळे काम आहे. तेही राहू देऊ नये.

पेठांपुरती एक विशेष दक्षता. जुन्या वाड्यांत पागडीचे भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. असा भाडेकरू आपल्याकडील खोली दुसऱ्याला देऊ करतो तेव्हा तो मालक नसतो आणि मूळ मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. अशा खोलीत राहणाऱ्याची अनामत वाऱ्यावरच असते. म्हणून केवळ वीजबिलावर विसंबू नये. मालमत्ता कराची पावती आणि खरेदीखताची सूची क्रमांक दोन मागावी. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत का, हेही विचारावे आणि मुदतीपूर्वी घर सोडावे लागल्यास किती दिवसांची सूचना मिळेल, ते करारात लिहून घ्यावे.

मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागण्याचा अधिकार मालकाला कलम २४ ने दिला आहे. उलटपक्षी, अनामत किती असावी यावर या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे, पण राज्याने स्वीकारल्याखेरीज ती लागू होत नाही. तेव्हा अनामत चेकने अथवा बँकेमार्फतच द्यावी, ती किती दिवसांत परत मिळेल आणि रंगकामाची कपात किती असेल हे आकड्यांत नमूद करावे, आणि किल्ली घेताना भिंती, नळ व वीजमीटर यांची तारखेसह छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत. दलाल एका महिन्याचे भाडे घेतो, असा प्रघात आहे. नूतनीकरणाच्या वेळी तो पुन्हा मागेल का, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.