नवा बेल्टही लगेच का खराब होतो? दोष पुलीच्या रेषेत शोधा

जुन्या ट्रकचा फॅन बेल्ट एकाच कडेने झिजत असेल, आसपास काळी भुकटी साचत असेल, तर नुसता बेल्ट बदलून भागत नाही. बऱ्याचदा अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत नसते. अनेक जुन्या इंजिनांत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. तो तुटला की चार्जिंग जातेच, इंजिनही तापते. आणि तेव्हा गाडी भरलेली, घाटात असेल तर विचारूच नका.

इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सरळ लोखंडी पट्टी पुलींच्या तोंडाला टेकवा. पुलींची जाडी वेगळी असेल तर खाचेचा मध्य धरा. फरक दिसला तर आधी अल्टरनेटर हलवून पाहा. डुगडुगला तर ब्रॅकेटचा बुश किंवा बोल्टचे भोक झिजले आहे; ते बदला, वायसर कोंबू नका. अल्टरनेटर घट्ट आहे, पण पुली आत-बाहेर आहे, अशा वेळीच वायसर घालून ती ओळीत आणा. दुसऱ्या मॉडेलचा अल्टरनेटर बसवला की असे होते.

शेवटी ताण. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण 10 ते 15 मिमी दबावा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. जास्त ताणला तर बेअरिंग जाते. नवा बेल्ट थोडा सैलावतोच, म्हणून थोडे चालवून, इंजिन बंद करून ताण पुन्हा तपासा.