व्हाया लॅटिन

तर झालं असं की एका डिझाइन डॉक्युमेंटचा रिव्ह्यू परत आला. डिझाइनबद्दल एकही शेरा नाही. शेरे दोनच, आणि दोन्ही एकाच वाक्यावर. मी लिहिलं होतं, 'द ॲडमिन हू द युजर शेअर्स द फाइल विथ'. त्यातला 'हू' खोडून 'हूम' केलेला, आणि शेवटच्या 'विथ'ला लाल करून बाजूला लिहिलेलं: वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये. अख्खी टीम सीसीमध्ये. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला असा शेरा कुठे लागतो हे ज्याचं त्यालाच माहीत. चार दिवस मी प्रत्येक मेल तीनदा वाचून पाठवत होतो.

मग चिडून शोधायला लागलो, की हा नियम केला कोणी? आणि पोचलो थेट सतराव्या शतकात, जॉन ड्रायडनपाशी.

ड्रायडन म्हणजे इंग्लंडचा राजकवी. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या चुका काढल्या. जॉन्सनला जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती, त्यामुळे उत्तर यायची भीती नव्हती :) त्यातली एक चूक म्हणजे वाक्याच्या शेवटी आलेलं प्रिपोझिशन. पण हीच सवय त्याला स्वतःलाही होती. १६६८ च्या आपल्या निबंधाची १६८४ मध्ये नवी आवृत्ती काढताना त्याने अशी वाक्यं शोधून शोधून बदलली. मला सगळ्यात आवडली ती १६७९ मधली त्याची कबुली. एका नाटकाच्या अर्पणपत्रिकेत तो सांगतो की आपलं इंग्रजी बरोबर आहे की नाही अशी शंका आली, की ते लॅटिनमध्ये भाषांतर करून बघण्यावाचून मला दुसरा मार्ग नसतो. इंग्लंडचा राजकवी, आणि स्वतःचं इंग्रजी तपासायला लॅटिन लागतं! हे वाचल्यावर माझं अर्धं दुःख हलकं झालं.

अर्थात त्याचाही इलाज नव्हता. त्या काळी शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवतच नसत. 'ग्रामर स्कूल'मधलं ग्रामर म्हणजे लॅटिनचं ग्रामर. आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात विल्यम लिलीच्या नावाचं एकच लॅटिन व्याकरण सगळ्या शाळांना लावून दिलं होतं. १५८६ मध्ये विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं, तेही लिलीचाच साचा घेऊन. कर्ता, कर्म, विभक्ती हे शब्द इंग्रज मुलाला पहिल्यांदा भेटत ते परक्या भाषेत.

पण ज्यांनी हे घरी बसून केलं त्यांची गोष्ट जास्त मजेची आहे. डिसेंबर १५६३. लंडनमध्ये प्लेग, म्हणून दरबार विंडसरला हललेला. जेवणाच्या टेबलावर राणीचा मंत्री विल्यम सेसिल सांगतो की ईटनच्या शाळेतली काही मुलं माराच्या भीतीने पळून गेली. त्यावर वाद रंगतो. टेबलावर रॉजर ॲस्कम हजर असतो. हा माणूस राणी एलिझाबेथचा एके काळचा शिक्षक. त्या गप्पांमधून त्याचं 'द स्कूलमास्टर' हे पुस्तक निघालं. १५६८ मध्ये तो गेला, आणि १५७० मध्ये त्याच्या बायकोने ते छापून आणलं. पुस्तक कोणासाठी, तर घरी शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि लॅटिन विसरलेल्या ज्या मोठ्यांना मास्तरांशिवाय ते पुन्हा शिकायचंय त्यांच्यासाठी. म्हणजे सेल्फ-लर्निंगवालेच!

पद्धत साधी. सिसेरोचं एखादं पत्र घ्यायचं. शिक्षकाने अर्थ नीट समजावून सांगायचा. मुलाने ते एका वहीत इंग्रजीत उतरवायचं. मग मूळ लॅटिन काढून घ्यायचं, तासभर जाऊ द्यायचा, आणि मुलाने स्वतःच्याच इंग्रजीवरून दुसऱ्या वहीत पुन्हा लॅटिन लिहायचं. शेवटी ते सिसेरोच्या शेजारी ठेवून फरक बघायचा. चुकलं तर मारायचं नाही, ओरडायचंही नाही. सिसेरोने इथे अमुक शब्द वापरला असता, एवढंच सांगायचं. सरळ डिफ मारण्याचा प्रकार, तोही साडेचारशे वर्षांपूर्वी. ॲस्कमचा हेतू लॅटिनचाच होता, इंग्रजीचा नव्हे. पण या जाण्या-येण्यात मुलाला आपलंच वाक्य उसवून बघावं लागे, आणि त्यात कोण काय काम करतंय ते दिसे.

लॅटिनशिवाय चालतच नाही, असं मात्र नाही. विल्यम कॉबेट हा शेतकऱ्याचा मुलगा १७८४ मध्ये सैन्यात भरती झाला. रोजचा पगार सहा पेन्स. त्याने रॉबर्ट लोथचं १७६२ चं इंग्रजी व्याकरण मिळवलं, अख्खं पुस्तक दोन-तीनदा हाताने उतरवून काढलं आणि पहाऱ्यावर उभा असताना मनातल्या मनात म्हणत राहिला. पुढे १८१८ मध्ये त्याने स्वतःच इंग्रजी व्याकरण लिहिलं, आपल्या मुलाला पत्रं लिहावीत तसं, आणि ते सैनिक, खलाशी, शिकाऊ कामगार नि नांगर धरणाऱ्या पोरांसाठी असल्याचं जाहीर केलं. वर राजाच्या भाषणांतल्या चुकाही काढल्या. याला म्हणतात रिव्ह्यूअर!

या लोथला आजही सगळे 'विथ'वाल्या नियमाचा खलनायक ठरवतात. ते खरं नाही. तो एवढंच म्हणतो की बोलण्यात हे चालतं, गंभीर लिखाणात प्रिपोझिशन आधी आलेलं शोभतं. आणि आपल्या भाषेचा या लकबीकडे ओढा आहे हे सांगणारं त्याचं स्वतःचं वाक्यच प्रिपोझिशनने संपतं. बिशप होता, पण विनोदबुद्धी शाबूत असावी.

या सगळ्या नादात मी जुन्या बाजारातून एक लॅटिन प्रायमर आणला. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसायचं, 'मेन्सा, मेन्सा, मेन्साम' घोकायचं. आईला वाटलं मी कुठलं स्तोत्र म्हणतोय. तिसऱ्या धड्यात 'पुएल्ला पुएरुम विदेत' आलं: मुलगी मुलाला बघते. शब्द कसेही फिरवा, अर्थ तोच, कारण कोण कोणाला बघतंय हे प्रत्यय सांगतो. इंग्रजीत शब्द फिरवले की मुलगा मुलीला बघायला लागतो. प्रश्न विचारतानाही तसंच, कर्ता असेल तर 'क्विस', कर्म असेल तर 'क्वेम'. म्हणजे हू आणि हूम. ट्यूब पेटली. आणि पुढच्याच क्षणी कपाळावर हात मारला. अरे, हे तर 'कोण' आणि 'कोणाला'! लॅटिनच्या फेऱ्याची गरज इंग्रज पोराला होती, कारण त्याच्या भाषेतले प्रत्यय झिजून गेले होते. माझे तर शाबूत होते. शाळेत 'स, ला, ते' घोकताना आणि शेजारच्या तासाला इंग्रजी शिकताना या दोन गोष्टींची गाठ कोणी घालून दिली नाही एवढंच.

आपलं तक्त्यातलं व्याकरणही काही जमिनीतून उगवलेलं नाही म्हणा. द्वितीया आणि चतुर्थीला तेच प्रत्यय, मग विभक्ती दोन कशाला? संस्कृतमध्ये दोन आहेत म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर संस्कृतही होतं आणि इंग्रजीही. बुलोकरने लिलीचा अंगरखा इंग्रजीला चढवला, तसाच प्रकार. असो.

तर मी ॲस्कमचा प्रयोग त्याच वाक्यावर केला. शनिवारी मराठीत लिहिलं: 'ज्याच्यासोबत युजर फाइल शेअर करतो तो ॲडमिन'. वही मिटली. रविवारी त्यावरून पुन्हा इंग्रजी लिहिलं, तर 'ज्याच्यासोबत'चं आपसूक 'विथ हूम' झालं. रिव्ह्यूअरला हवं होतं अगदी तेच. शाळेतल्या भाषांतर पाठमालेत दुसरं काय करायचो आम्ही?

सोमवारी डॉक्युमेंट उघडलं. 'हूम' राहू दिलं. 'विथ' मात्र लोथचं नाव घेऊन परत शेवटी नेलं आणि रिव्ह्यू क्लोज केला.