मानेत शिरलेली हवा



मागच्या ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईच्या नऊ वर्षांच्या लेकाला दम्याचा जोराचा झटका आला. पोर रात्रभर बसून होतं. सकाळी बघतो तर मान आणि गळा सुजलेला. आम्ही चौघीजणी जमलो आणि चौघींनी गालगुंड ठरवून टाकलं. हळदीचा लेपसुद्धा लावला. लेप लावताना बोटाखाली कुरकुर वाजलं, भाजलेल्या पापडावर बोट दाबल्यासारखं. तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं आणि १०८ ला फोन केला. बारामतीत एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाले, "ही सूज नाही, हवा आहे. फुप्फुसातून निसटून मानेत आलीय."

फुप्फुसातली हवा मानेत? पुढच्या तीन बैठकांत आम्हाला दुसरा विषय नव्हता. डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून कळलेलं आज सांगतो.

दमा काही आजचा नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत. त्यातला तमक श्वास म्हणजे आपला दमा. आडवं झालं की वाढतो, बसलं की बरं वाटतं, आभाळ आलं की उचल खातो. हे सगळं तेव्हाच्या वैद्यांनी नुसतं बघून टिपलं होतं. पण छातीच्या आत काय बिघडलंय हे जिवंतपणी कळायला फार काळ जावा लागला. छातीत हवा भरण्याच्या आजाराला फ्रान्समधल्या इतार नावाच्या डॉक्टरांनी १८०३ मध्ये नाव दिलं. तिथलेच लेनेक १८१६ मध्ये एका तरुण बाईला तपासत होते. तिच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीचा जन्म असा झाला. म्हणजे बाईच्या लाजेचाही कधी उपयोग झाला म्हणायचा!

पण हवा मानेपर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे शोधलं कॅनडातल्या मॅकलिन नवरा-बायकोने. चार्ल्स मॅकलिन यांनी मांजरांच्या फुप्फुसात जादा हवा भरून तिची वाट तपासली आणि १९३९ मध्ये ती मांडली. १९४४ मध्ये दोघांनी मिळून मोठा लेख लिहिला. त्यावर बायकोचं, मॅज मॅकलिन यांचं, नाव पहिलं आहे.

ती वाट आपल्याला समजायला सोपी आहे. नीरा डावा कालवा आपल्याकडे १८८५ च्या सुमारास आला. कालवा फुटत नाही, तरी कडेकडेने पाणी पाझरतं आणि लांबचं रान चिबड होतं. फुप्फुसात तसंच घडतं. दम्यात श्वासनळ्या आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. हवेचे बारीक फुगे ताणतात आणि एखादा फाटतो. मग हवा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने छातीच्या मध्यभागी येते आणि तिथून वर मानेच्या कातडीखाली. मुलांमध्ये असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा दम्यावर उपचार, ऑक्सिजन आणि विश्रांती मिळाली की ही हवा काही दिवसांत आपोआप जिरते. आमच्या पोराचं तसंच झालं. पण हीच हवा फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत भरली तर फुप्फुस दबतं. मग कधी कधी छातीत नळी घालून ती काढावी लागते. कोणती हवा कुठे गेली हे घरी कळत नाही. झटक्यात मान फुगली किंवा छातीत एकदम दुखायला लागलं, तर लेप नाही, दवाखाना.

मॅजबाईंचं पुढे काय झालं, हे आम्ही मुद्दाम शोधलं. आनुवंशिक आजारांच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं होतं. त्यांची काही मतं आज पटणारी नाहीत, ते सोडा. पण त्यांच्या विद्यापीठाने त्यांना कधी पूर्ण प्राध्यापक केलं नाही आणि १९४५ मध्ये कामावरूनच कमी केलं. नवरा तिथेच राहिला, त्या अमेरिकेत नोकरीला गेल्या. हे ऐकून बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता पंपाविषयी. १९५५ साली अमेरिकेत दम्याच्या एका १३ वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का मिळत नाही? वडील औषध कंपनीचे प्रमुख. पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला. लहान मुलांना तो नीट ओढता येत नाही, म्हणून मध्ये एक नळकांडं लावतात. ते महाग पडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या हेदर झार या डॉक्टरबाईंनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीला पंपाच्या मापाचं भोक पाडून पक्कं बसवलं, तर तीही तेवढंच काम करते. मात्र हे डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून शिकूनच करायचं.

आमच्या ताईने पंप आणला होता, पण सवय लागेल या भीतीने कपाटात ठेवला होता. त्यात चुलीचा धूर आणि शेजारच्या रानात पेटवलेलं पाचट. दोन वर्षं ती मृगाला हैदराबादच्या माशाच्या औषधासाठीही जाऊन आली होती. तिला काय बोलणार? आम्हीही तेच सांगत होतो.

झटका नसतानाही रोजच्या पंपासाठी गटातून कर्ज द्यायचं का, यावर परवा मोठी वादावादी झाली. दोघी अजून विरोधात आहेत. ठराव मात्र वहीत लिहिला गेला, आणि पाचट न जाळता सरीत कुजवायचं असं पाच घरांनी कबूल केलंय.