शेजाऱ्याची रात्र

कबनूरची रात्र सहसा नि:शब्द नसते. इचलकरंजीला लागून असलेल्या या गावात आणि भोवतालच्या वसाहतींत यंत्रमागांचा खडखडाट पहाटेपर्यंत चालू असतो. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगाला आश्रय दिला, आणि पुढे पंचगंगेच्या काठचा हा सारा परिसर मागांच्या तालावर जगू लागला. रात्रपाळी आली की तिच्या मागोमाग चहाची टपरी येते, अंडाभुर्जीची गाडी येते आणि हमरस्त्यावर दारूच्या दुकानाची पाटीही येते. ज्याला शहरी भाषेत ‘नाइट लाइफ’ म्हणतात ते केवळ श्रीमंतांचे खूळ नव्हे. जेथे माणसे रात्री जागतात तेथे त्यांच्या जागण्यावर चालणारा धंदा उभा राहतो, आणि त्या धंद्याच्या भिंतीपलीकडे कोणीतरी झोपू पाहत असते.

हा जागणारा आणि तो झोपणारा यांच्यातील तंटा महाराष्ट्राला नवा नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत सरकारने, न्यायालयांनी आणि गावातल्या बायाबापड्यांनी तो सोडविण्याचे अनेक मार्ग चोखाळले. त्यांतले काही टिकले, काही कोसळले. कोणते टिकले आणि का टिकले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात दारूबंदीपासून करावी लागते. १९३७ च्या प्रांतिक मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर मंत्री असताना मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी पुकारली गेली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ संमत झाला, आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. म्हणजे आपला हा मुलूख त्या राज्यात दाखल झाला तो जवळजवळ दारूबंदीच्या उंबरठ्यावरच. पवित्र मिस्सासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची सोय करणारी तरतूद त्या कायद्यात ठेवावी लागली होती, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. इतका कडक कायदाही वेदीवरचा प्याला आणि गुत्त्यावरचा प्याला यांत भेद करीत होता.

त्या कायद्यामागची तळमळ खरी होती. परंतु सर्वांवर एकच बंदी लादल्याने हातभट्ट्या माजल्या आणि गुन्हेगारांच्या टोळ्या गबर झाल्या. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल करण्यात आली आणि परवाना असलेल्यालाच दारू द्यावयाची, अशी रीत रूढ झाली. ‘परमिट रूम’ हा शब्द तेव्हापासूनचा. कायद्याच्या पुस्तकात पिणाऱ्याचा परवाना आजही आहे. प्रत्यक्षात तो कोण विचारतो हे वाचकांना सांगावयास नको. कागदावर बंदी आणि रस्त्यावर पाटी, अशा या दुटप्पी व्यवस्थेतच पुढच्या साऱ्या भांडणांचे बीज पडले. दुकान कोठे असावे, किती वाजेपर्यंत चालावे, याविषयी शेजारी राहणाऱ्याचा शब्द घेण्याची खरी सोय तीत नव्हती.

या भांडणांपैकी सर्वांत गाजलेले भांडण डान्स बारचे. मुंबईत आणि नंतर पनवेलच्या बाजूला महामार्गालगत असे बार वाढले. घरातली जमीन विकून आलेला पैसा तरुण पोरे तेथे उधळतात, संसार उद्ध्वस्त होतात, अशी ओरड वाढू लागली. ती ओरड खोटी नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. खेड्यातून वर आलेल्या या नेत्याला गावाकडच्या आईबापांची व्यथा ठाऊक होती. मार्च २००५ मध्ये त्यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. जुलैमध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यातील दुरुस्ती एकमताने संमत केली आणि ऑगस्टच्या मध्यापासून बंदी अमलात आली.

या बंदीला एक मोठी फट होती. तीन तारांकित आणि त्यांहून वरच्या दर्जाची हॉटेले, तसेच क्लब यांना ती लागू नव्हती. म्हणजे तेच नृत्य स्वस्त बारमध्ये झाले तर अनीती आणि गालिच्यावर झाले तर करमणूक! मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. त्या खंडपीठावर मूळचे गोव्याचे न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. शासनाने २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांनाही बंदीत ओढले. त्या दुरुस्तीला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. मग २०१६ मध्ये वेगळा कायदा करून जाचक अटींची रास रचण्यात आली. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी चाळून काढल्या.

ही चाळणी मुळातून पाहण्याजोगी आहे. देवळे, प्रार्थनास्थळे आणि शाळा यांच्यापासून एक किलोमीटर दूर राहण्याची अट रद्द झाली, कारण मुंबईसारख्या शहरात ती पाळणे अशक्यच होते. परवाना मागणाऱ्याचे चारित्र्य चांगले असावे, ही अट संदिग्ध म्हणून गेली. आतमध्ये सीसीटीव्ही लावण्याची सक्ती गेली. मात्र सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची मर्यादा न्यायालयाने उचलून धरली. माणसाचा स्वभाव मोजू पाहणारी अट पडली. घड्याळाने मोजता येणारी अट उभी राहिली.

आणि या चौदा वर्षांत त्या स्त्रियांचे काय झाले? बंदी आली तेव्हा बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे ७५,००० असल्याचे सांगितले जात होते. त्या काळी झालेल्या पाहण्यांत असे दिसले की, त्यांतल्या अनेकींच्या मिळकतीवरच घर चालत होते. त्यांच्या पुनर्वसनाची धड सोय झाली नाही. उपाय रोगाहून वाईट ठरला आणि कित्येकींना देहविक्रय पत्करावा लागला, अशा आशयाची खंत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात नमूद केली. आपण सभ्य कुटुंबांनी टाळ्या वाजविल्या, तेव्हा या बायकांचा शेजार कोणी मानला नाही. दगड हाती घेतलेल्या जमावासमोर येशूने जमिनीवर बोटाने काय लिहिले हे शुभवर्तमान सांगत नाही. पण जमाव एकेक करून निघून गेला, हे मात्र सांगते. त्या वेळी आपणांपैकी किती जण निघून गेले?

दुसरा मार्ग गावातल्या स्त्रियांनी दाखविला. दारूचे दुकान नको असेल तर ते मतदानाने बंद करावे, ही मागणी आंदोलनांतून पुढे आली आणि २००८ च्या शासन आदेशाने तिला नेमके रूप मिळाले. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करावयाचा. सह्यांची पडताळणी झाल्यावर गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चिन्हे : उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहो, आडवी म्हणजे दुकान बंद होवो. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईलाही शिक्का कोठे मारावयाचा ते कळावे, अशी ही सोपी खूण पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली.

या पद्धतीत एक मेख आहे. दुकान बंद होण्यासाठी एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानापैकी नव्हे. गावात हजार महिला मतदार असतील आणि सहाशे जणींनी मतदान केले, त्यांतल्या साडेचारशे आडव्या बाटलीच्या बाजूने असल्या, तरी दुकान शाबूत राहते. जी बाई त्या दिवशी शेतावर गेली, जिला नवऱ्याने बाहेर पडू दिले नाही, जी मृत्यूनंतरही यादीत राहिली, त्या साऱ्या दुकानदाराच्या पारड्यात पडतात. असे असूनही अनेक गावांनी ही अट पार केली. कारण तेथे कोणाच्या चारित्र्याचा निवाडा नव्हता. जिच्या दारात रात्री भांडण होते, तिला त्या दाराविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला होता, एवढेच.

तरीही दुकान मिटले म्हणजे व्यसन मिटले, असे मानू नये. वर्ध्यात १९७४ पासून, गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये शासनानेच उठविली. बेकायदा दारू वाढल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद केली, तेव्हा अनेक रस्ते एका रात्रीत काळोखे झाले. पुढे लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले, मग नगरपालिकांच्या हद्दींना सूट मिळाली आणि २०१८ मध्ये ग्रामपंचायतींचा निर्णय राज्य शासनांवर सोपविण्यात आला. कबनूरसारख्या, शहराला चिकटलेल्या गावांत यामुळे एकच प्रश्न उरला : रस्ता गावाचा की वाटसरूचा?

येथे मुंबईच्या गिरणगावाची आठवण अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होरपळले. कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतल्या मागांवर अधिकाधिक सरकले, आणि कालांतराने गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या, उपाहारगृहे व मद्यालये थाटली गेली. गिरणगावाची रात्रपाळी आपल्याकडे आली आणि तिच्या रिकाम्या जागी मुंबईचे नाइट लाइफ बसले! २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण प्राणांस मुकले. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत मॉल, गिरण्यांची आवारे अशा निवासी वस्तीबाहेरच्या ठिकाणी दुकाने आणि खाणावळी रात्रभर उघड्या ठेवण्यास मुभा मिळाली. मात्र मद्यविक्रीची रात्री दीडची मर्यादा कायम ठेवण्यात आली. पुन्हा तेच दिसते : जागा ठरवा, वेळ ठरवा.

तिसरा मार्ग आवाजाचा, आणि येथे आपल्याला आरशासमोर उभे राहावे लागते. मद्रासमधल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या ध्वनिक्षेपकांविरुद्ध आणि ढोलांविरुद्ध शेजारच्या वसाहतीने तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० ऑगस्ट २००० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. ‘चर्च ऑफ गॉड’ या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आज मद्यालयांपासून मिरवणुकांपर्यंत सर्वांविरुद्ध दाखला म्हणून पुढे केला जातो. पाठोपाठ १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेची शांतता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे, आणि ती सणांसाठी आहे.

मोजणारे यंत्र हातात धरले की ते बारचे गाणे आणि आपल्या घरच्या लग्नातला डीजे यांत फरक करीत नाही. गणेशोत्सवाचा दणदणाट आणि ग्रामसणाच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा त्याला सारखेच. म्हणूनच हा नियम न्याय्य आहे, आणि म्हणूनच तो आपल्याला अवघड जातो. कानातल्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने तो पुरविला; आनंदाला आपल्या धर्माचा विरोध नाही. पण त्या लग्नघराच्या शेजारी कोणी आजारी म्हातारी असेल, तर तिची झोप हीदेखील त्याच प्रभूने दिलेली देणगी होय.

कबनूरच्या रात्रीकडे पुन्हा वळू या. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या मागवाल्याला दिवसा झोपावे लागते. त्याच्यासाठी दहा ते सहा हा नियम उलटा आहे. त्याच्या झोपेचे रक्षण करणारा कायदा कोणत्याही पुस्तकात नाही. भर दुपारी त्याच्या खिडकीखाली कर्णा लावणारे आपणच असतो, आणि मध्यरात्री बारवाल्याला दूषणे देणारेही आपणच. बंदीने जे साधले नाही ते वेळेने, जागेने आणि मताने काही अंशी साधले. उरलेले शेजाऱ्याच्या जाणिवेवर सोडलेले आहे. पुढच्या वेळी धर्मग्रामातील उत्सवाची सभा भरेल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ घालावी : ध्वनिक्षेपक कधी बंद होणार, आणि आजूबाजूच्या घरांना ते आधी जाऊन कोण सांगणार.