अजिंठ्याचे जहाज आणि काथ्याचा टाका

नागपूरच्या सदर भागात राहून मी सागरी इतिहासाच्या नादी लागलो, याचे अनेकांना हसू येते. येथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण प्राचीन भारतीय जहाजाचे जे चित्र पुस्तकांतून वारंवार छापले जाते, ते अजिंठ्याचे, वाकाटककालीन. आणि वाकाटकांची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, आमच्याच जिल्ह्यातली. अजिंठ्यावर अंमल होता तो दुसऱ्या, वत्सगुल्म म्हणजे वाशीमच्या शाखेचा, हे खरे. तेथील 16 क्रमांकाच्या लेण्यातला वराहदेवाचा लेख नागपूरच्या म. म. वा. वि. मिराशी यांनी संपादिला, एवढे मात्र आमचे नाते आहेच!

जहाजाचे हे चित्र 2 क्रमांकाच्या लेण्यात आहे, 5व्या शतकातले. तीन डोलकाठ्या, उंच आयताकृती शिडे, मागे सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले घडे. अभ्यासक शिडे मोजतात. मला त्यामागची कथा अधिक महत्त्वाची वाटते. ती पूर्णाची, आणि पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. दासीच्या पोटी जन्मलेला, घरच्या वाटणीत डावललेला हा मुलगा व्यापारात नाव काढतो आणि सहा सफरी सुखरूप करून येतो. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी सोबत असतात. ते जहाजावर काही पदे म्हणतात. पूर्ण विचारतो, ही गाणी कोणती? गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत, असे उत्तर येते. परतल्यावर पूर्ण भिक्षू होतो. पुढे त्याचा भाऊ चंदन आणायला जातो, वादळात सापडतो, आणि पूर्ण धावून येतो. चंदनाचा नफा हा कथेतला दुय्यम भाग. माणूस बदलला तो आठवडेच्या आठवडे परक्या गावच्या लोकांबरोबर एका फळीवर राहिल्याने.

या चित्राच्या आधारे आपल्या काळात खरेच जहाज झाले. जुलै 2023 मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांधे राळेने बुजवले. मद्रास आयआयटीत लहान नमुन्यावर चाचण्या झाल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आले आणि 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघून, इंजिनाशिवाय, 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला पोचले.

वर्तमानपत्रांनी ‘दीड हजार वर्षांपूर्वीचे जहाज पुन्हा अवतरले’ असे लिहिले. मला ते पटत नाही. चित्रकाराने बाहेरची बाजू काढली, आतला सांगाडा नाही; घडे आणि माणसे यांचे प्रमाणही मापाचे नाही. मूळ आराखडा कुठे उरलेलाच नाही. म्हणून कौंडिण्य ही प्रतिकृती नव्हे, ते एक अनुमान आहे. मात्र समुद्राने तपासलेले अनुमान. कागदावर मांडलेल्या आमच्यासारख्यांच्या अनुमानांना ही कसोटी कधी लागत नाही.

यात चित्रातून मिळालीच नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे टाका. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, भोके पाडायची, सांध्यावर काथ्याचा पेळू ठेवायचा आणि दोरी आरपार ओवून करकचून ओढायची. एक माणूस जहाजाच्या आत, एक बाहेर. एकमेकांचे तोंड दिसत नाही, दोरीच्या ताणावरूनच समजायचे. लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूडही खातो. काथ्या खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकतो, आणि शिवलेले अंग लाटेबरोबर थोडे वाकते. दोरी झिजली की उसवून नवी ओवता येते. परंतु त्यासाठी ओवणारा लागतो.

असे हात आता फार थोडे आहेत. ही विद्या ग्रंथात उतरत नाही. मी पुष्कळ वाचूनही मला एक टाका घालता येणार नाही. जहाज बांधणीला असते तेव्हाच नवा मुलगा जुन्या माणसासमोर बसतो. कौंडिण्यनंतरचे असे जहाज किती वर्षांनी बांधायला घेतले जाते, यावर आतल्या बाजूला बसणारा कोणी मिळेल की नाही हे ठरेल.