बूस्ट अचानक जाणे (मोटार-दुरुस्ती)

टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनाला मिळणारी जादा दाबाची हवा चालत्या गाडीत एकाएकी बंद होणे किंवा निम्म्यावर येणे. गॅरेजच्या बोलीत ‘पिकअप गेला’, ‘गाडी ओढत नाही’, ‘टर्बो बसला’. यांतले शेवटचे विधान बहुतेक वेळा खरे नसते. मुळाशी निसटलेला होज, चिरलेली व्हॅक्यूमची नळी किंवा अडकलेला व्हॉल्व्ह असण्याचा संभव टर्बोपेक्षा जास्त असतो. काही महिन्यांत हळूहळू उतरलेली ताकद हा वेगळा विषय आहे.

रचना : सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर टर्बाइनचे चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक फिल्टरमधून आलेली हवा दाबून इंटरकूलरमार्गे इंजिनात ढकलते. छोट्या मोटारींच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाब किती हवा हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो. मिळालेला दाब मागणीपेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर कमी किंवा जास्त राहिला, तर तो डिझेलचा पुरवठा आखडतो आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ताकद परत आली, तर ती या मोडची खूण समजावी. बिघाड तेवढ्याने गेलेला नसतो.

इतिहास : स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रवासी मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. जेटफायरमध्ये बूस्ट जाण्याची सोय कारखान्यातूनच करून दिलेली होती. ठोका टाळण्यासाठी हवेबरोबर पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव असलेल्या या मिश्रणाची टाकी रिकामी झाली, की एक झडप मिटून बूस्ट रोखून धरी. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी ओढत नसल्याची तक्रार घेऊन येत. पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवण्यात आले. डिझेल मोटारीत टर्बो १९७८ च्या मर्सिडीज ३०० एसडीपासून आला.

टर्बोचा प्रकार : तपासणीआधी हा ठरवावा. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत तो वेगळा असू शकतो. १.३ लिटरचे फियाट मल्टिजेट इंजिन भारतात मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत होते. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत (उदा. स्विफ्ट) साधा वेस्टगेटचा (जादा वायू बाजूने सोडणाऱ्या गेटचा) टर्बो आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत (उदा. अर्टिगा) हलत्या पात्यांचा व्हीजीटी. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत सामान्यतः व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात आणि दाब चढतो; नळी फुटली की पाती उघडी राहतात, बूस्ट मिळत नाही. दाबावर उघडणाऱ्या वेस्टगेटचे याच्या उलट : त्याची नळी निघाली तर गेट बंदच राहते, दाब मर्यादेबाहेर चढतो आणि ईसीयू ताकद तोडतो. चालकाची तक्रार दोन्हींत एकच. स्कॅनरवर पहिल्यात कोड पी०२९९ (कमी बूस्ट), दुसऱ्यात पी०२३४ (जास्त बूस्ट). कोड न वाचता टर्बो उतरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

कान, नाक, डोळे : टर्बोची नेहमीची शिट्टी टिकून आहे, पण रेस दिल्यावर ‘फस्स’ आवाज येतो आणि मागे काळा धूर पडतो, तर होज गेला आहे. मोजून घेतलेली हवा वाटेत गळते आणि डिझेल मात्र त्या हिशेबाने पडत राहते. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांत (भारतात मुख्यतः १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर) हा धूर फिल्टरमध्येच अडकतो, म्हणून धूर नाही यावरून निष्कर्ष काढू नये. शिट्टीच बंद झाली असेल तर चाक किंवा दांडा तपासावा.

निळा धूर आणि ऑइलची पातळी उतरलेली असेल, तर गाडी पुढे नेऊ नये. टर्बोतून येणारे ऑइलच जाळून डिझेल इंजिन बेलगाम पळू शकते; तेव्हा चावी बंद करून ते थांबत नाही. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडावा.

होजची तपासणी : बॅटरी (टॉर्च) दाखवावी ती खालच्या बाजूला. चीर बहुधा इंजिनाकडे किंवा जमिनीकडे तोंड करून असते, आणि हाताने दाबून पाहिले तर होज धडधाकट वाटतो. दाब आल्यावरच ती ओठासारखी उघडते. ब्रीदरमधून आलेल्या ऑइलची वाफ होजमध्ये असतेच, त्यामुळे गळतीच्या जागी ओलसर डाग पडून त्यावर धूळ चिकटते. हा काळपट, मऊ थर सापडला की अर्धे काम झाले. साबणाचे पाणी मारून, तोंडे बंद करून हलका दाब दिला की फुगे येतात. निसटलेला होज परत चढवताना दोन्ही तोंडे पुसून कोरडी करावीत. तेलकट तोंडावर क्लिप कितीही आवळली तरी पुढच्या घाटात होज पुन्हा निघतो.

स्कॅनर : प्रथम इंजिन बंद, चावी चालू. मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) त्या जागेचा वायुदाब दाखवायला हवा : मुंबईत साधारण १,०१० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरात ८६० च्या. इथेच मोठा फरक असेल तर टर्बोची चौकशी थांबवून सेन्सर पाहावा. मग तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, १,५०० फेऱ्यांपासून पूर्ण रेस. स्कॅनर शेजारच्याने पाहावा, चालकाने नव्हे. मागणी २,००० आणि प्रत्यक्षात १,००० मिलिबार म्हणजे ‘निम्मा बूस्ट’ नाही, शून्य बूस्ट. स्कॅनरवरील आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा तसा नसतो.

ॲक्च्युएटर (पाती किंवा गेट हलवणारा भाग) : एकाने इंजिन चालू करावे, दुसऱ्याने दांडी पाहावी. व्हॅक्यूमच्या व्हीजीटीत ती लगेच ओढली जाते व इंजिन बंद होताच परतते. हलली नाही तर हातपंपाने थेट व्हॅक्यूम द्यावा. तरीही हलत नसेल तर काजळीने पाती अडकली; हलली पण पंपाचा काटा उतरत राहिला तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटला; दोन्ही ठीक असेल तर दोष सोलेनॉइड किंवा नळ्यांत. टर्बो न उतरवता फवारा मारून पाती मोकळी करण्याच्या उपायाबद्दल कारागिरांत मतभेद आहेत.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकणे : लक्षणे अशीच, वेगळी नोंद पाहावी.

टर्बो बदलणे : दांडा हाताने हलवल्यावर आडवा किंचित खेळ असतो, तो दोष नव्हे; पुढे-मागे खेळ जाणवला किंवा चाक घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो गेला. तो का गेला हे न शोधता नवा बसवल्यास तोही त्याच वाटेने जातो. ऑइलची पाइप आणि तिचा बँजो बोल्ट गाळाने तुंबलेला आहे का हे आधी पाहावे. फुटलेल्या चाकाचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहतात. तो उतरवून धुवावा. नव्या टर्बोत बसवण्यापूर्वी हाताने ऑइल भरावे.

पेट्रोल गाड्या : तत्त्व तेच, होज निघाल्यास आयडलवरच इंजिन बंद पडण्याची प्रवृत्ती.