फॉरवर्डमध्ये नसलेली दोन वर्षं

दर ३० जुलैला आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो. एसटीनं फिरणारा, अकरा वेळा निवडून आलेला, देशात विक्रम करणारा आमदार. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब. २०२१ साली याच दिवशी ते गेले.

यातला देशाचा विक्रम खरा नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले. पण मला खटकतं ते दुसरंच. या फॉरवर्डमध्ये आबासाहेब कधी हरतच नाहीत.

म्हणून एकदा मी सगळी वर्षं कागदावर उतरवली. १९६२, १९६७ विजय. १९७२ ला पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत, मग १९९० पर्यंत प्रत्येक वेळी. १९९५ ला पुन्हा पराभव, शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग चार विजय. शेवटचा विजय मिळाला तेव्हा वयाची पंच्याऐंशी उलटली होती.

या सगळ्या काळात पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. १९७८ ला त्याचे १३ आमदार होते, २०१४ ला तीन. पक्ष आटत गेला तरी आबासाहेब हलले नाहीत. त्याची किंमतही मोजली. पन्नासेक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद दोनदाच मिळालं: १९७८ ला शरद पवारांच्या आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर.

आता अवघड प्रश्न. माणदेशातल्या या दुष्काळी तालुक्याला त्या निष्ठेतून काय मिळालं? कापूस फारसा न पिकणाऱ्या भागात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीनं आटपाडीच्या पाणी परिषदांमधून कृष्णेचं पाणी मागत राहिले. पण टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचं पाणी शिवारात यायला दशकं गेली. सत्तेतला आमदार असता तर लवकर आलं असतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला आमदाराच्या साधेपणानं तहान भागत नाही.

आणि तरीही तोच तालुका त्यांना परत बोलवत राहिला. मला वाटतं, याचं उत्तर त्या दोन पराभवांत आहे. १९७२ ला हरल्यावर ते पक्ष बदलून सोपी वाट धरू शकले असते. १९९५ ला १९२ मतांनी हरल्यावर तर कारणही तयार होतं. दोन्ही वेळा ते त्याच पक्षाकडून, त्याच लोकांसमोर पुन्हा उभे राहिले. आमदार नसतानाही माणूस जागेवरच आहे, हे लोकांनी पाहिलं.

२०१९ ला ते लढले नाहीत. नातू अनिकेत उभा राहिला आणि ७६८ मतांनी हरला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. २०२४ ला दुसरा नातू, बाबासाहेब, शेकापकडूनच जिंकला. आजोबांच्या नावावर मतं मिळतात, घराणंही तयार होतं, हे मान्यच करायला हवं. पण आजोबांची खरी परीक्षा हरल्यावर झाली होती. नातवाचीही तेव्हाच होईल.

पुढच्या ३० जुलैला फॉरवर्ड आला की खाली मी फक्त दोन आकडे लिहिणार आहे: १९७२, १९९५.